लोकरी कुत्रे आणि स्वस्त ब्लँकेटं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे कोस्ट सॅलिश हे मूळनिवासी लोक आणि त्यांचे नामशेष झालेले लोकरी कुत्रे यांच्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही सडेतोड प्रतिक्रिया दिलीत, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं: कुत्र्याच्या केसांची कांबळी ही ऐकीव गोष्ट आहे, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी हा पुरावा नव्हे, आणि कारखान्यातली स्वस्त ब्लँकेटं आल्यावर लोकांनी आपणहून हे कुत्रे पाळणं सोडलं, मग त्यात अन्याय कसला?

पहिल्या मुद्द्यात माझी एक चूक आहे. ‘निव्वळ कुत्र्याच्या लोकरीची कांबळी’ असं मी लिहून गेलो. संग्रहालयांतल्या जुन्या कांबळ्यांमधली प्रथिनं तपासली गेली तेव्हा कुत्र्याची लोकर खरोखर सापडली, पण ती डोंगरी बकऱ्याच्या लोकरीत मिसळलेली. तरी ऐकीव म्हणाल तर नाही. सायमन फ्रेझर या शोधप्रवाशानं 1808 मध्ये या दोन्ही लोकरींची नोंद केली आणि कुत्रे नुकतेच भादरलेले दिसले, असंही लिहिलं. त्याआधी 1792 मध्ये त्याच किनाऱ्यावरच्या प्युजेट साउंड या खाडीत कॅप्टन व्हँकुव्हर या ब्रिटिश दर्यावर्दीनं असेच कातडीलगत भादरलेले कुत्रे पाहिले होते. उतरवलेली लोकर इतकी दाट, की एका कोपऱ्याला धरून उचलली तरी मोठा तुकडा न सुटता तसाच वर येई. बायका त्या लोकरीत पांढरी माती घालून ती झोडपत, म्हणजे तेल आणि मळ निघून जाई. मग मोठ्या लाकडी चकतीच्या चातीवर सूत काढत.

आता ब्लँकेटांकडे येतो, कारण खरा मतभेद तिथे आहे. हडसन्स बे या ब्रिटिश व्यापारी कंपनीनं फ्रेझर नदीकाठी फोर्ट लँगली हे ठाणं वसवलं 1827 मध्ये. म्हणजे व्यापारी ब्लँकेटं तेव्हापासून हाताशी होती. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ज्याचं कातडं जपून ठेवलंय तो ‘मटन’ नावाचा लोकरी कुत्रा मेला 1859 मध्ये. जॉर्ज गिब्स या अभ्यासकानं तो पाळला होता. डिसेंबर 2023 मध्ये ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत त्याच्या जनुकांचा अभ्यास छापून आला. त्याचा सुमारे 85 टक्के वंश युरोपीय लोक येण्याआधीच्या तिथल्या कुत्र्यांचा निघाला. गोऱ्यांचे कुत्रे किनाऱ्यावर येऊन कित्येक दशकं लोटली होती, आणि कुत्र्यांमध्ये संकर व्हायला एक रात्र पुरते. तो फारसा झाला नाही, कारण लोक होऊ देत नव्हते. लोकरी कुत्रे शिकारी कुत्र्यांपासून दूर, कुंपणात किंवा छोट्या बेटांवर ठेवायचे आणि होडी वल्हवत जाऊन त्यांना मासे घालायचे, ही जुनी रीत. विकतची ब्लँकेटं मिळू लागून तीस वर्षं झाली तरी हे कुत्रे निगुतीनं वेगळे राखले गेले होते. ‘स्वस्त मिळालं म्हणून सोडलं’ हे इथे बसत नाही.

ब्लँकेटांचा वाटा शून्य, असं मी म्हणत नाही. पण सॅलिश कांबळं फक्त थंडीसाठी नव्हतं. ते घराण्याची प्रतिष्ठा होतं, पॉटलॅच समारंभात वाटायचं धन होतं, आणि कुत्रे ही विणणाऱ्या बाईची संपत्ती होती. त्याच विणणाऱ्या बाया देवीच्या साथींत मेल्या. 1862 ची साथ तर भयंकर होती. 1885 पासून कॅनडात पॉटलॅच कायद्यानं गुन्हा ठरला, तो थेट 1951 पर्यंत. मुलींना आईपासून तोडून निवासी शाळांत घातलं. मग बेटावर मासे घेऊन जाणार कोण, आणि भादरायला शिकवणार कुणाला?

राहिल्या आठवणी. त्या 2023 च्या शोधनिबंधाच्या सहलेखकांमध्ये मस्कीम समाजाच्या विणकर डेब्रा स्पॅरो यांच्यासारखे सॅलिश जाणकार आहेत. पोलीस, सरकारी अधिकारी आणि पाद्री यांच्या दबावाखाली कुत्रे सोडावे लागले, हे त्या लोकांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. कुत्रे मुद्दाम वेगळे राखले जात, हेही त्यांच्या घरांत सांगितलं जात होतंच, आणि जनुकांनी त्याला दुजोरा दिला. मग उरलेलं सांगणं मी कोणत्या तोंडानं बाजूला सारू?

मूळ लेखातला ‘निव्वळ’ हा शब्द आज काढलाय आणि डोंगरी बकऱ्याचं वाक्य घातलंय. ते दाखवून दिल्याबद्दल आभार. ‘आपणहून सोडलं’ हे मात्र मी लिहिणार नाही.