क्लीनर साइडने राजवाड्याकडे

आपल्याकडे जुन्या गाडीत बसायला कोणी पैसे मोजत नाही. उलट जुनी गाडी दारातून न्यायला कोणी तयार होतोय का, हे शोधावं लागतं. माझी पहिली मारुती ज्याने विकत घेतली, त्याने नोटा देताना माझ्याकडे ज्या करुणेने पाहिलं ते मी अजून विसरलेलो नाही. त्यामुळे प्रागमध्ये नोकरी करणाऱ्या चिरंजीवांनी आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला ‘प्रायव्हेट व्हिंटेज कार, दिवसभर, ड्रायव्हरसह, राजवाडा दाखवून परत’ अशी भेट दिली आणि त्याचे क्राउन किती झाले ते माझ्या कानावर आलं, तेव्हा रुपये काढायला मी सवयीने चारने गुणायला घेतलं.

“अहो, गुणायचं नाही असं ठरलंय ना आपलं?” ही म्हणाली.

विमानतळावर पाण्याच्या बाटलीला हात लावला तेव्हापासून माझ्या गुणाकारावर बंदी होती. मी गप्प बसलो. राजवाडा म्हणजे कोनोपिश्त्ये. प्रागच्या आग्नेयेला पन्नासेक किलोमीटर, बेनेशोव्ह गावाजवळ. ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड तिथे राहायचा; तोच, ज्याला सारायेव्होत गोळी लागली आणि पहिलं महायुद्ध पेटलं. शाळेत ‘महायुद्धाचे तात्कालिक कारण’ म्हणून दोन मार्कांना यायचा. दोन मार्कांच्या माणसाचा एवढा मोठा वाडा असेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

मोटार वेळेवर आली. मरून रंग, काळे मडगार्ड, पुढे दोन भलेमोठे दिवे, चढायला पायरी, वर आभाळ. प्रागा आल्फा. प्रागा ही १९०७ साली याच शहरात सुरू झालेली कंपनी, आणि ही गाडी १९२९ची, असं ड्रायव्हरने निम्मं इंग्रजीत आणि निम्मं बोटांवर सांगितलं. त्याच्या डोक्यावर चामड्याची टोपी होती, कपाळावर गॉगल होता आणि मिशी अशी होती की बिलात तिचेही पैसे लावले असावेत. हिने खास आणलेली नारायणपेठ नेसली होती आणि तिच्यावर थंडीसाठी माझं जर्किन घातलं होतं. ड्रायव्हरने अदबीने मागचं दार उघडलं, तिच्या गुडघ्यांवर ब्लँकेट पसरलं. मी आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे पुढे बसलो. मोटारीत बायका मागे आणि घरचा कर्ता ड्रायव्हरशेजारी, हे आमच्या घराण्यात टॅक्सीपासून वऱ्हाडाच्या बसपर्यंत कोणी मोडलेलं नाही.

बसल्यावर लक्षात आलं, स्टिअरिंग उजवीकडे होतं. मला एकदम घरचं वाटलं.

“बाबा, पूर्वी इथे पण डावीकडूनच चालवायचे,” चिरंजीवांनी फुटपाथवरून माहिती पुरवली. मार्च १९३९मध्ये जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरलं आणि काही दिवसांतच शहराची वाहतूक डावीकडून उजवीकडे गेली. त्याआधीच्या गाड्या उजव्या स्टिअरिंगच्या. म्हणजे रस्त्यांना नवीन नियम कळला, पण १९२९च्या गाडीला तो कोणी कळवला नाही. एवढं सांगून चिरंजीव ऑफिसला गेले. त्या माहितीतून पुढे काय उद्भवणार आहे, हे त्यांना ठाऊक होतं असा माझा आजही संशय आहे.

शहरात सगळं राजेशाही चाललं. प्रागच्या रस्त्यांना दगडी चौकोन बसवलेले आहेत. ते दिसायला फार सुंदर आणि मणक्याला फार स्पष्ट जाणवतात. ट्रामच्या थांब्यावरचे लोक फोटो काढत होते. ही सुरुवातीला संकोचून दुसरीकडे बघत होती. दोन चौक गेल्यावर तिने हात हलवला, आणि नदीवरचा पूल येईपर्यंत तो हात नुसता मनगटातून हलवायची कला तिला साधली होती. जपानी पर्यटकांच्या एका घोळक्याला तिने वाकून नमस्कारही केला.

गिअर बदलताना मात्र गाडीखालून प्रत्येक वेळी हाडं मोडल्याचा आवाज यायचा. क्लच दाबायचा, गिअर काढायचा, क्लच सोडून इंजिनाला थोडी रेस द्यायची, पुन्हा क्लच, मग खालचा गिअर. “डबल क्लच!” मी ओरडलो. आमच्या लहानपणी घाटात एसटीचे ड्रायव्हर हेच करायचे आणि आम्ही पहिल्या बाकावर हक्काने बसून ते पाहायचो. ड्रायव्हरने माझ्याकडे आदराने पाहिलं. त्या आदराची किंमत मला शहराबाहेर पडताच चुकवावी लागली.

झालं असं की पुढे एक ट्रॅक्टर आला, मागे गवताची ट्रॉली. आमची गाडी त्याच्यापेक्षा जेमतेम जोरात जाणारी. आता ओव्हरटेक करायचं तर डावीकडून, आणि ड्रायव्हर बसलेला उजवीकडे, गटाराच्या बाजूला. त्याला दिसणार फक्त गवत. समोरून कोणी येतंय की नाही हे दिसणार कोणाला, तर डावीकडच्या माणसाला. ड्रायव्हरने माझ्याकडे वळून भुवया उंचावल्या. मी आधी हसलो. त्याने पुन्हा उंचावल्या, आणि हनुवटीने रस्त्याकडे खूण केली. तेव्हा मला प्रकाश पडला. राजपुत्राच्या थाटाचे पैसे भरून मी ज्या जागेवर बसलो होतो, तिला सोलापूर हायवेवर क्लीनर साइड म्हणतात.

मी दाराबाहेर अंग काढून पाहिलं. एक निळी मोटार येत होती. “थांब, थांब, थांब!” निळी गेली. मागून एक ट्रक. “थांब!” मग रस्ता मोकळा. वेळ होती शुद्ध मराठीची. “जाऊ द्याऽऽ!” ड्रायव्हरने अॅक्सिलरेटर दाबला, गाडी थरथरत ट्रॅक्टरच्या बरोबरीला आली आणि तिथेच राहिली. ट्रॅक्टरवाल्याने टोपी काढून हिला अभिवादन केलं, हिने मनगट हलवलं, दोघांची चांगली ओळख होईल एवढा वेळ गेला, तरी आम्ही बरोबरीतच. समोर वळण. माझ्या तोंडून पांडुरंगाचं नाव निघालं. त्याचा अर्थ ड्रायव्हरने काय घेतला देव जाणे, पण गाडी पुढे सरकली.

“अहो, जरा आत बसा, ब्लँकेट उडतंय,” मागून सूचना आली.

त्यानंतर मला उसंत नव्हती. तिरपा फाटा आला की भुवया. सायकलवाले आले की भुवया. (चढावर सायकलवाले आम्हाला ओलांडून गेले, तेव्हा मात्र भुवया खाली होत्या.) समोरून येणाऱ्यांची तर मला कीवच आली. त्यांच्या हिशेबाने ड्रायव्हरच्या जागी मी होतो. आणि त्यांना दिसत काय होतं, तर गाडी अंगावर येतेय, तिच्या चालकाच्या हातात स्टिअरिंगच नाही आणि तो मागे वळून बायकोकडून दशमी घेतोय. एका बाईंनी तर गाडी बाजूला घेऊन थांबवली.

साझावा नदीच्या खोऱ्यात रस्ता चांगलाच उतरतो. तिथे ड्रायव्हरने आधीच खालचा गिअर टाकला, कारण जुन्या ब्रेकवर भरवसा ठेवून उतारावर निघायचं नसतं. खाली तिनेत्स नावाचं गाव. ड्रायव्हर बोट दाखवून म्हणाला, “यावा.” मी पाहिलं, तर पाटीवर जावा! आमच्या कॉलेजच्या दिवसांत ज्या फटफटीने गल्ली दणाणायची, त्या जावाचा कारखाना या गावात. म्हैसूरला १९६०च्या सुमाराला तिचं उत्पादन सुरू झालं आणि पुढे तिचीच येझदी झाली, हे मी त्याला हातवारे करून सांगितलं. किक मारायची आणि तीच दांडी पुढे पाडली की तिचा गिअर व्हायचा, हेही पायाने करून दाखवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्यामुळे असेल, माझ्या तर सकाळपासून येत होतं. इतकं मात्र खरं, की त्या क्षणापासून तो मला गिऱ्हाईक समजायचा थांबला. पुढच्या थांब्यावर त्याने माझ्या हातात फडकं दिलं आणि स्वतः दिवे पुसायला लागला.

कोनोपिश्त्येला पोचलो तर गाडी वाड्यापर्यंत जात नाही! पार्किंग खाली, वाडा वर, मधे झाडीतून चढ. ज्या एका प्रसंगासाठी ही सगळी यातायात, म्हणजे नारायणपेठ सावरत राजवाड्याच्या दारात मोटारीतून उतरणं, तो प्रसंगच रद्द. त्यात पार्किंगचा माणूस पैसे मागायला नेमका डाव्या बाजूला, माझ्याकडे आला. मी ड्रायव्हरकडे बोट दाखवलं. ड्रायव्हरने भुवया उंचावल्या.

छप्पर शाबूत असलेला किल्ला पाहायची आपल्याला सवय नसते. हा तेराव्या शतकाच्या अखेरचा, पण बुरूज गोल, गुळगुळीत, आणि आत गालिचे. फ्रान्झ फर्डिनांडने १८८७ साली तो विकत घेतला, म्हणजे वयाच्या चोविशीत. आत लिफ्ट बसवली, न्हाणीघरं केली. आणि भिंती भरल्या. कशाने, तर मुंडक्यांनी. शिंगं, दात, पंख, सुळे. ओळीने, खालपासून छतापर्यंत, एकामागून एक दालन. गडी शिकारीची नोंद ठेवायचा, आणि आयुष्यभराची बेरीज पावणेतीन लाखांच्या आसपास जाते. जगला पन्नास वर्षं. मी भागाकार करायला लागलो. भागाकारावर बंदी नव्हती. बाळपण सोडून दिलं तरी रोजचे पंधरावीस पडतात, सणवार धरून. १८९३च्या सुरुवातीला हा आपल्या मुंबईतही उतरला होता, निजामाचा पाहुणचार घेऊन तिकडच्या जंगलात बंदूक चालवून गेला. आपल्याकडचे किती या बेरजेत गेले, ते गाइडबाईंच्या कागदात नव्हतं.

ही बराच वेळ वर बघत उभी होती. मला वाटलं, गहिवरली.

“ही सगळी पुसायला किती बायका लागत असतील हो?” ती म्हणाली. “आणि जाळ्या? शिंगांच्या बेचक्यात जाळी धरते.”

एवढ्या मोठ्या प्रश्नाला गाइडबाईंकडेही उत्तर नव्हतं. 

जी गोळी युवराजाला लागली, तीही या वाड्यात जपून ठेवलेली आहे. तिच्यासमोर मात्र मला वेगळंच दिसायला लागलं. २८ जून १९१४. उघडी मोटार, ग्रेफ अँड श्टिफ्ट कंपनीची. ड्रायव्हर लेओपोल्ड लोय्का, चेकच. सकाळी ताफ्यावर एक बॉम्ब पडून गेला होता, म्हणून परतीचा रस्ता बदलायचं ठरलं. सगळ्या बड्या लोकांनी मिळून ठरवलं, आणि ड्रायव्हरला सांगायचं राहिलं! तो बिचारा जुन्या ठरलेल्या वळणावर वळला. गाडीतले जनरल पोटिओरेक ओरडले, रस्ता चुकला, थांब. गाडी थांबली ती नेमकी मारेकरी गाव्रिलो प्रिन्सिपच्या पुढ्यात. गाडीचे मालक काउंट हाराख युवराजाच्या रक्षणासाठी पायरीवर उभे होते. पायरी डावी. गोळ्या आल्या उजवीकडून.

सकाळपासून क्लीनर साइड सांभाळलेल्या माणसाला हे वाचून जे वाटतं, ते इतिहासकारांना वाटणार नाही. काउंटसाहेब आपल्या बाजूला काटेकोर उभे होते. महायुद्धाची कारणं लिहिताना साम्राज्यवाद, गुप्त करार, शस्त्रस्पर्धा सगळं येतं. ‘वळणाआधी ड्रायव्हरला ओरडून सांगणारं कोणी नव्हतं’ हे आम्ही कधी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर मार्क कापले असते.

गुलाबांची बाग सुरेख आहे. तीच पाहण्याच्या निमित्ताने जर्मनीचा कैसर विल्हेल्म त्या खुनाआधी दोन आठवडे इथे येऊन गेला होता. आम्ही बाकावर बसलो. जेवायला शाकाहारी काय, याचं या देशात एकच उत्तर आहे, तळलेलं चीज आणि बटाटे. ते खाऊन झाल्यावर हिने पर्समधून शेंगदाण्याची चटणी काढली आणि थोडी ड्रायव्हरलाही दिली. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग दोन ग्लास बिअर प्यायला. बिनअल्कोहोलची, मी बाटली स्वतः वाचली.

परतताना पाऊस आला. गाडी थांबवून टप ओढायचा. एका बाजूला ड्रायव्हर, दुसऱ्या बाजूला अर्थातच मी. काचेवर वायपर एकच, आणि तो आतून दांडीने, हाताने फिरवायचा. ड्रायव्हरचा एक हात स्टिअरिंगवर, दुसरा गिअरवर. मी भुवयांची वाट पाहिली नाही. डाव्या हाताने टपाची फडफडती कडा धरली, उजव्याने वायपर, आणि मान बाहेर. खोऱ्यातून वर चढताना रेडिएटरने वाफ सोडली, तेव्हा झाकणाला लगेच हात लावायचा नाही, निवू द्यायचं, हेही आम्ही दोघांनी एकमेकांना न सांगता पाळलं. ही मागे ब्लँकेटमध्ये झोपली होती.

शहरात शिरताना तिरप्या फाट्यावर ड्रायव्हरच पुटपुटला, “थांब, थांब.” मग माझ्याकडे पाहून, खणखणीत, “जाऊ द्या?”

“जाऊ द्या,” मी म्हटलं.

घरापाशी चिरंजीव छत्री घेऊन उभे होते. मी खिशात टिप चाचपत होतो. ती मी द्यायची की मागायची, हे ठरत नव्हतं. तेवढ्यात ड्रायव्हरने चिरंजीवांना बाजूला घेतलं आणि चेकमध्ये पुष्कळ काही सांगितलं. चिरंजीवांचा चेहरा बघण्याजोगा झाला.

“बाबा, ते विचारतायत, शनिवारी मोकळे आहात का? एका कॅनेडियन जोडप्याला कार्लश्टेनचा किल्ला दाखवायचाय. दोघांनाही मागेच बसायचंय म्हणे.”

मी काही बोलायच्या आत ही गाडीतून उतरली.

“येतील की,” ती म्हणाली. “नाहीतरी दिवसभर खिडकीत बसून ट्राम मोजतात. फक्त त्यांना सांग, ह्यांच्यासाठीसुद्धा एक गॉगल आणा म्हणावं. डोळे लाल झालेत बघ.”