16-0 चा फॉरवर्ड आणि बेटांवरची मुलं

नोव्हेंबर 2025 मध्ये कतारला 17 वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक झाला. तेव्हापासून एक फॉरवर्ड मेसेज फिरतो आहे आणि कोल्हापुरातल्या आमच्या फुटबॉलच्या ग्रुपवर तो निदान चार वेळा तरी येऊन गेला. वर 'मोरोक्को 16, न्यू कॅलेडोनिया 0' हा निकाल आणि खाली मजकूर. त्याचा आशय असा: पावणेतीन लाख वस्तीची बेटं विश्वचषक खेळतात आणि 140 कोटींचा भारत घरी बसतो. ओशनियातली, म्हणजे न्यूझीलंड आणि प्रशांत महासागरातल्या बेटांची, युवा स्पर्धा म्हणजे न्यूझीलंडचा सराव, बाकीची बेटं नुसती फिरायला येतात. त्यातून पुढे काही निघत नाही, तेव्हा त्यांच्या जागा मोठ्या देशांना द्या.

पेठेपेठेत फुटबॉल जगणाऱ्या माणसांनी हे पुढे पाठवावं, याचं मला वाईट वाटलं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

भारताच्या जागेचा मुद्दा पटकन संपतो. प्रत्येक खंडाच्या जागा वेगळ्या असतात. 48 संघांत ओशनियाला तीन जागा होत्या आणि यजमान कतार धरून आशियाला नऊ. भारताला जायचं होतं तर आशियातून. त्या वर्षीच्या आशियाई स्पर्धेच्या 16 संघांतही आपण नव्हतो, पात्रता फेरीतच बाहेर पडलो होतो. न्यू कॅलेडोनियाने आपल्या ताटातलं काहीही उचललेलं नाही. पुढच्या आशियाई स्पर्धेसाठी आपल्या मुलांनी अहमदाबादला इराणला 2-1 हरवून जागा मिळवली. आपला रस्ता तो आहे.

आता 16-0. गटात प्रत्येकाचे तीन सामने होते, फॉरवर्डमध्ये एकच आहे. न्यू कॅलेडोनिया पहिला सामना पोर्तुगालशी 6-1 हरला. त्याच पोर्तुगालने मोरोक्कोला 6-0 हरवलं आणि पुढे चषकही जिंकला. दुसरा सामना जपानशी होता. जपानने पोर्तुगाल आणि मोरोक्को दोघांनाही हरवून गटात पहिला क्रमांक मिळवला, पण न्यू कॅलेडोनियाविरुद्ध त्यांना एकही गोल करता आला नाही. 0-0. फॉरवर्ड करणाऱ्या कितीजणांना हा निकाल माहीत आहे?

तिसऱ्या सामन्याला मोरोक्को उतरला तेव्हा दोन पराभवांमुळे त्यांचा गोलफरक, म्हणजे केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांमधलं अंतर, उणे आठ होता. गटात तिसऱ्या आलेल्यांपैकी सर्वांत चांगले संघच बाद फेरीत जाणार होते आणि त्यात गोलफरकही मोजला जातो, तेव्हा गोल हवेच होते, म्हणून ते थांबले नाहीत. आठवडाभरातला तिसरा सामना खेळणारी बेटांवरची पोरं त्या गरजेखाली सापडली. पराभव मोठाच आहे, मी तो लहान करत नाही. 2023 ला इंडोनेशियात याच वयोगटाच्या विश्वचषकात हेच न्यू कॅलेडोनिया इंग्लंडकडून 10-0 आणि ब्राझीलकडून 9-0 हरलं होतं. पण मोठ्या फरकाने हरणं हा जागा काढून घेण्याचा निकष असेल, तर तो सर्वांना लावा. 2019 च्या 20 वर्षांखालच्या विश्वचषकात नॉर्वेने होंडुरासला 12-0 हरवलं, त्यातले नऊ गोल एकट्या हालांडचे. होंडुरासची जागा काढा, असं तेव्हा कुणी म्हणाल्याचं मला आठवत नाही.

न्यूझीलंडबद्दलचा मुद्दा अर्धा खरा आहे. बहुतेक वेळा तेच जिंकतात. पण 2008 ला ओशनियाची 20 वर्षांखालची स्पर्धा ताहितीने जिंकली आणि 2009 ला इजिप्तच्या विश्वचषकाला न्यूझीलंड नाही, ताहिती गेला. 2014 ला फिजी जिंकला. 2015 च्या विश्वचषकाचं यजमानपद न्यूझीलंडकडे असल्याने ते त्या स्पर्धेत नव्हते, हे खरं. पण मग विश्वचषकात फिजीने काय केलं? जर्मनीकडून 8-1 हरल्यावर पुढच्याच सामन्यात होंडुरासला 3-0 हरवलं. फिजीची ती पहिलीच फिफा स्पर्धा होती. 2017 ला कोरियातल्या 20 वर्षांखालच्या विश्वचषकात वानुआतू मेक्सिकोकडून 3-2 असा हरला तो भरपाईच्या वेळेतल्या गोलने, आणि जर्मनीकडूनही 3-2 असाच. फिरायला आलेली मुलं असं खेळत नाहीत.

लोकसंख्येचं म्हणाल, तर 2026 च्या मोठ्यांच्या विश्वचषकासाठी कॅरिबियन समुद्रातला क्युरासाओ पात्र ठरला. वस्ती दीड लाखाच्या आसपास, म्हणजे कोल्हापूर शहरापेक्षाही कितीतरी कमी.

राहिलं 'पुढे काही निघत नाही', आणि मला सर्वांत जास्त लागलेलं वाक्य हेच. इजिप्तमध्ये ताहिती स्पेनकडून 8-0, व्हेनेझुएलाकडून 8-0 आणि नायजेरियाकडून 5-0 हरला. 21 गोल खाल्ले, एकही केला नाही. आजचा फॉरवर्ड तेव्हा असता तर ताहितीचं नाव कायमचं खोडलं गेलं असतं. त्याच संघातली काही मुलं 2012 ला मोठ्यांच्या संघात होती आणि त्या वर्षी ताहितीने ओशनियाचा करंडक जिंकला. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्याखेरीज तो जिंकणारा तो पहिला संघ. सॉलोमन बेटांवरच्या होनियारातल्या त्या अंतिम सामन्यात समोर न्यू कॅलेडोनियाच होता. तीन वर्षांपूर्वी त्या मुलांना कुणी घरी बसवलं असतं, तर हे घडलं असतं का? आणि ज्याच्या गोलांवर कोलकात्याने जीव टाकला तो रॉय कृष्णा फिजीतल्या लाबासाचा. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये फिजीचा एकुलता एक गोल त्याचाच, मेक्सिकोविरुद्ध.

ऑक्टोबर 2017 ही आठवून पाहा. 17 वर्षांखालचा विश्वचषक आपल्या देशात होता. आपण पात्रता फेरी न खेळता, यजमान म्हणून त्यात होतो आणि आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव संघात होता. तीन सामने, तीन पराभव, एक गोल, गुण शून्य. तरी ती मुलं आपल्याला प्यारी होती आणि आजही आहेत. न्यू कॅलेडोनिया मात्र बेटांमधली स्पर्धा खेळून, जागा मिळवून आला होता. फ्रान्सकडून 7-1 आणि होंडुरासकडून 5-0 हरल्यावर शेवटच्या सामन्यात ते कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर जपानसमोर उभे राहिले. जपानने आघाडी घेतली होती. सामना संपत आला असताना जेकब जेनोने बरोबरीचा गोल केला आणि त्यांच्या खात्यावर एक गुण लागला.