‘परखड’ यांस: थेंब, व्यसन आणि माझा नाटकीपणा

नमस्कार ‘परखड’,

टोपणनावामागे कोण आहे ते कळायला मार्ग नाही, म्हणून अहो-जाहोच करते. पस्तिशीच्या आतले असाल तर मनातल्या मनात अरे-तुरे समजून घ्या.

‘माझी नऊ वर्षं आणि नाकातले थेंब’ या लेखावर तुमची प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. नाक बंद होण्याची कारणं दहा असतात, मी माझं एकच कारण, म्हणजे थेंबांची सवय, सगळ्यांच्या नाकाला लावते. दोन नाकपुड्यांमधला पडदा वाकडा असेल तर शस्त्रक्रियेने चांगला आराम पडतो, ती मी दोन ओळींत उडवली. ‘नाकातले सगळे फवारे बंद करा’ असं मी लिहिलं, ते चूक. थेंबांपेक्षा मेन्थॉलची वाफ बरी. आणि शेवटी, तुमच्याच शब्दांत: “सर्दीच्या थेंबांना व्यसन म्हणणं हा निव्वळ नाटकीपणा आहे, ताई.”

फवाऱ्यांचं आधी घेते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे आणि मला ते मान्य करायला काही वाटत नाही. फ्लुटिकासोन, मोमेटासोन हे स्टेरॉइडचे फवारे वेगळे. ॲलर्जीवर, पॉलिपवर (नाकातल्या मऊ गाठींवर) डॉक्टर ते महिनोन्‌महिने देतात. त्यांची अशी ओढ लागत नाही, उलट पुरता गुण यायलाच आठवडा-दोन आठवडे जातात. माझ्या वाक्यातला ‘सगळे’ हा शब्द मी खोडला आहे. तीन अक्षरांची चूक होती, दुरुस्त झाली.

आता नाटकीपणा.

२००८च्या श्रावणात मला साधी सर्दी झाली. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने झायलोमेटाझोलिनचे थेंब दिले. चिठ्ठी मागितली नाही, मीही दाखवली नाही. दोन मिनिटांत नाक असं मोकळं झालं की मला वाटलं, आजवर आपण श्वास घेतच नव्हतो. नाकाच्या बाजूच्या भिंतींवर मांसल वळ्या असतात, त्या रक्ताने फुगतात. आपण ‘मांस वाढलंय’ म्हणतो ते बहुतेकदा यांचंच. थेंब त्यांतल्या रक्तवाहिन्या आवळतो. औषध उतरलं की त्या परत फुगतात, आणि दिवसांमागून दिवस टाकत राहिलं तर आधीपेक्षा जास्त फुगतात. मग आणखी थेंब. पाच-सात दिवसांच्या पुढे वापरू नये हे खोक्यावर बारीक अक्षरांत होतं. मी नऊ वर्षं वापरले.

उशाखाली एक बाटली, पर्समध्ये एक, आणि शाळेच्या कपाटात खडूच्या खोक्यामागे एक. रात्री दोनला जाग यायची ती बाटली चाचपडण्यासाठी. एकदा पंढरपूरच्या रातराणीत बाटली घरीच राहिली. बस जिथे थांबली तिथलं औषधाचं दुकान बंद होतं. उरलेली रात्र मी तोंड उघडं टाकून ताठ बसून काढली, आणि शेजारच्या बाई मला दम्याची पेशंट समजून पाणी देत राहिल्या.

हेही नाटकी वाटत असेल तर पुढचं ऐका. धाकट्या बहिणीच्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना नाक बंद झालं. ‘शुभमंगल सावधान’ झालं, अंतरपाट दूर झाला, तेव्हा तिची ही मावशी मांडवामागे मान वर करून नाकात थेंब टाकत उभी होती. हातातल्या अक्षता घामाने भिजल्या होत्या. ते लग्न पुन्हा लागणार नाही. याला तुमच्याकडे दुसरा शब्द असेल तर कळवा.

शब्द तुम्ही कळवलाच आहे म्हणा: ‘रिबाउंड कंजेशन’, म्हणजे थेंब उतरले की नाक उलटून जास्तच चोंदणं. शास्त्रात त्याला ‘रायनायटिस मेडिकामेंटोसा’ असं भारदस्त नाव आहे, आणि ते म्हणजे व्यसन नव्हे, हा तुमचा मुद्दा. असेल. पण मी बत्तीस वर्षं मराठी शिकवलं आहे. संस्कृतात ‘व्यसन’ म्हणजे संकटसुद्धा. तेव्हा एखाद्या बाईला नाटकी ठरवण्याआधी शब्दकोश उघडावा. आणि वाक्याला ‘ताई’ जोडल्याने ते वाक्य सौम्य होत नाही, जास्तच टोचतं.

नाटकी म्हणायचंच असेल तर तुमच्या मेन्थॉलला म्हणा. मेन्थॉल नाक तसूभरही मोकळं करत नाही. ते नाकातल्या थंडी जाणवणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं, म्हणून गार हवा आत जातेय असं वाटतं. सोंग ते, आणि तुम्ही मला शिकवताय!

राहता राहिली शस्त्रक्रिया. ब्रिटनमधल्या चाचणीचा तुम्ही दाखला दिलात: २०२३ साली प्रसिद्ध झालेली, ३७८ रुग्णांची. पडद्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना सहा महिन्यांनी फवारे वापरणाऱ्यांपेक्षा बराच जास्त आराम. वाचलं, छान आहे. माझ्या लेखाचा विषय तो नव्हता. शिवाय माझाही पडदा वाकडाच आहे, डॉक्टर बाईंनी दुर्बिणीतून पाहून सांगितलं, आणि कापाकापीशिवाय माझं उत्तम चाललं आहे. फूटपट्टीसारखा सरळ पडदा किती जणांचा असतो?

कारणांची यादी तुम्ही दिलीच आहे: ॲलर्जी, पॉलिप, पडदा, मुलांमधले ॲडेनॉइड, म्हणजे नाकाच्या मागच्या गाठी. मी परत देत बसत नाही. त्यात एक राहिलं आहे तेवढं जोडते, सूड म्हणून नाही. एकच बाजू सतत बंद आणि तिच्यातून रक्त येत असेल तर घरी काहीही न करता दाखवायला जा. आणि लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत मणी, वाटाणा, काहीतरी अडकलंय का ते आधी तपासून घ्या. माझ्या वर्गात दोनदा खोडरबर निघालं होतं. चिमट्याने घरी काढू नका, आणखी आत जातं.

माझे थेंब कसे सुटले हे तुम्ही विचारलं नाहीत, पण खाली दोघींनी विचारलंय. डॉक्टर बाईंनी आधी फक्त उजव्या नाकपुडीतले बंद करायला लावले, डावीकडचे चालू. सोबत स्टेरॉइडचा फवारा (हो, तोच, सगळ्यांतला एक). उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत मारायचा आणि टोक पडद्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला. मिठाच्या पाण्याने नाक धुणं, पण पाणी उकळून गार केलेलंच. नळाच्या पाण्याने नाक धुऊन मेंदूला अमीबाची लागण झाली आणि २०११ साली अमेरिकेत लुइझियानात दोघे दगावले. उजवी बाजू आपली आपण मोकळी राहायला लागल्यावर डावीचे थेंब बंद. पहिले सतरा दिवस झोप अशी लागली नाही.

त्या जागरणांत बाईंनीच एक गोष्ट सांगितली. निरोगी नाकाच्या दोन्ही नाकपुड्या एकदम सारख्या चालत नाहीत. एक मोकळी असते तेव्हा दुसरी थोडी फुगलेली, काही तासांनी पाळी बदलते. कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९५ साली हे लिहून ठेवलंय. म्हणजे कितीतरी रात्री मी जे ‘बंद’ म्हणून थेंब टाकत होते, ते बंद नव्हतंच.

तुमची पुढची प्रतिक्रियाही छापेन, जशी असेल तशी. आत्ता रात्रीचे साडेअकरा झालेत. डावी नाकपुडी बंद आहे, उजवी चालू आहे. उशीखाली चष्म्याशिवाय काही नाही. झोपते.