पुणं आपोआप घडलं, असं म्हणणाऱ्यांना

व्हॉट्सअॅपवर एक मजकूर सध्या हातोहात पुढे जातोय. त्याचा आशय असा: पुण्याला सरकारने काहीच दिलं नाही. चांगली हवा, मुंबईची जवळीक आणि उद्योजकांची हिंमत एवढ्यावर पुणं औषधांचं, मोटारींचं आणि सॉफ्टवेअरचं शहर झालं. सरकार नियोजन करायला गेलं की पैशांची नासाडी होते, कारण कुठला उद्योग चालेल हे सरकारला कळत नाही. तेव्हा इतर भागांतही नवे उद्योग हवे असतील, तर सरकारने जमीन द्यावी, कर माफ करावा आणि बाजूला व्हावं.

विदर्भ-मराठवाड्याचा विषय निघाला की हाच मजकूर पुरावा म्हणून पुढे केला जातो. पुण्याचा इतिहास चुकीचा सांगून दुसऱ्यांच्या भविष्याचे निर्णय होणार असतील, तर गप्प बसणं बरोबर नाही.

हवेचं आधी संपवू. हवा नाशिकचीही चांगली आहे आणि मुंबई नाशिकलाही जवळच आहे. कोल्हापूरला पाणी आहे, फाउंड्रीत पिढ्यान् पिढ्या मुरलेले कारागीर आहेत. हुशारी आणि हिंमत तिथे कमी नव्हती. त्यांच्या दाराशी राष्ट्रीय प्रयोगशाळा मात्र नव्हती.

‘सरकारने काहीच दिलं नाही’ हा या मजकुराचा कणा आहे, आणि तोच सगळ्यात खोटा आहे. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे आपली एनसीएल, जानेवारी 1950 मध्ये सुरू झाली. 1952 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून विषाणू संशोधन केंद्र काढलं, तीच आजची एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. 1954 मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पेनिसिलिन देशात बनावं म्हणून, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने. उद्योगांना भूखंड देणाऱ्या एमआयडीसीची, म्हणजे राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाची, स्थापना 1962 ची, म्हणजे या तिन्ही संस्था तिच्याही आधीच्या. 1966 मध्ये वाहन उद्योग आणि केंद्र सरकार यांच्या सहकार्याने एआरएआय आली. गाड्यांच्या चाचण्या करणारी संस्था गावातच असणं म्हणजे काय, हे चाकणच्या कुठल्याही सुटे भाग बनवणाऱ्याला विचारा.

ही नुसती पाट्यांची यादी नाही. त्या संस्थांनी काय केलं ते पाहा. 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवरचं पेटंट काढून फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर ठेवलं. त्यामुळे वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवायची मुभा भारतीय कंपन्यांना मिळाली. पण ती वेगळी पद्धत शोधायची कोणी? चंचुपात्रात ग्रॅमभर पदार्थ बनवणं वेगळं आणि रिअॅक्टरमध्ये टनांनी बनवणं वेगळं. तापमान थोडं चुकलं की अख्खी बॅच वाया. हे काम एनसीएलसारख्या सरकारी प्रयोगशाळांमध्ये झालं आणि तिथून ते तंत्र कंपन्यांकडे गेलं. शिवाय तिथे पीएचडी केलेले रसायनशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं कारखान्यांमध्ये जात राहिले. नियोजनाचा हा परिणाम ताळेबंदात दिसत नाही, म्हणून तो नाकारणं सोपं जातं.

सॉफ्टवेअरचंही तेच. भारताला हवा तो क्रे महासंगणक द्यायला अमेरिकेने नकार दिला, तेव्हा केंद्राने 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था काढली आणि 1991 मध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली परम 8000 हा महासंगणक उभा राहिला. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं जिस्ट तंत्रज्ञान याच सी-डॅकमध्ये वाढलं आणि त्यातून संगणकावर मराठी आणि इतर भारतीय लिप्या रुजल्या. सी-डॅकचा डिप्लोमा करून नोकरीला लागलेला एक तरी माणूस बहुतेकांच्या ओळखीत सापडेल. 1990 मध्ये देशातली पहिली सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क ज्या तीन शहरांत आली, त्यांत बंगळुरू आणि भुवनेश्वरबरोबर पुणं होतं. छोट्या कंपनीला परदेशी ग्राहकाशी जोडणारी उपग्रह जोडणी स्वतःच्या बळावर उभारणं अशक्य होतं, ती या पार्कने दिली. दूरसंचारावर तेव्हा सरकारचीच मक्तेदारी होती, हेही खरं. अडथळा सरकारी होता आणि त्यातून काढलेली वाटही सरकारी होती. मजकूर फक्त अर्धं सांगतो.

‘मग लस बनवणाऱ्या सिरमचं काय?’ हा प्रश्न लगेच येतो. सिरम इन्स्टिट्यूट ही खासगी हिंमतीची मोठी कहाणी आहे, त्यात शंका नाही. पण सायरस पूनावालांनी 1966 मध्ये कंपनी काढली, त्याआधी त्यांच्या स्टड फार्मवरचे घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. घोड्यांच्या रक्तापासून औषधी सीरम बनवणारी ही सरकारी संस्था समोर होती, म्हणून हा व्यवसाय होऊ शकतो हे दिसलं. पुढे आफ्रिकेतल्या मेंदूज्वरासाठी सिरमने जी लस 2010 मध्ये अर्ध्या डॉलरपेक्षा कमी किमतीत दिली, तिचं मूळ तंत्र अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या, प्रयोगशाळेतून आलं होतं. यात सिरमची कर्तबगारी तसूभरही कमी होत नाही. इतक्या स्वस्तात, इतक्या प्रमाणात लस बनवणं हे तिचंच काम. प्रश्न एवढाच, की ‘सरकारचा काही संबंध नाही’ हे वाक्य आता कुठे ठेवायचं?

नासाडीच्या मुद्द्यात तथ्य आहे, आणि ते मान्य न करता पुढे जाता येत नाही. परवाना राजमध्ये बजाजची स्कूटर मिळायला लोक दहा-दहा वर्षं थांबले. कारखाना जास्त गाड्या बनवायला तयार होता, परवानगी मिळत नव्हती. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची नंतरची अवस्था तर पिंपरीकरांनी डोळ्यांनी पाहिली आहे: आजारी कंपनी, कामगारांचे थकलेले पगार. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण हमायसिन हे बुरशीवरचं औषध याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत सापडलं होतं. पण या उदाहरणांतून निघतं काय? किती माल बनवायचा हे सरकारने ठरवू नये आणि चांगली संस्था काढून मग तिला वाऱ्यावर सोडू नये. संस्था काढूच नयेत, असं त्यातून निघत नाही.

कर माफ केला की खासगी पैसा संशोधनात येतो, हा समजही तपासायला हवा. 2020-21 मध्ये संशोधनावरचा भारताचा एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) 0.64 टक्के होता आणि त्यात खासगी उद्योगांचा वाटा सुमारे 36 टक्के. दक्षिण कोरियात उद्योगांचा वाटा तीन चतुर्थांशांच्या वर आहे. आपल्याकडे संशोधनावर प्राप्तिकरात घसघशीत वजावट वर्षानुवर्षं होती, तरी हे चित्र.

आणि सरकार बाजूला झाल्यावर काय होतं, ते पाहायला लांब जायला नको. हिंजवडीच्या आयटी पार्कात एमआयडीसीने भूखंड दिले, कंपन्या आल्या, लाखो लोक कामाला लागले. रस्ते, ड्रेनेज, बस, घरं यांचा एकत्र विचार कोणी करायचा? एमआयडीसी, ग्रामपंचायती, पिंपरी-चिंचवड महापालिका यांच्यात जबाबदारी विखुरली. सगळ्या परिसराचं नियोजन करणारी पीएमआरडीए आली 2015 मध्ये, मेट्रोचं भूमिपूजन झालं डिसेंबर 2018 मध्ये, तोवर आयटी पार्क दोन दशकांचं होत आलं होतं. जमीन द्या आणि बाजूला व्हा, हा सल्ला तिथे जवळजवळ तंतोतंत पाळला गेला. त्याची किंमत माणसं रोज वाकड पुलाशी कोंडीत अडकून मोजतात.

राहिला सगळ्यात अवघड प्रश्न, जो त्या मजकुरात नाही पण विचारायला हवा. प्रयोगशाळांनीच शहर घडतं, तर नागपूरचं पुणं का झालं नाही? तिथे नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था 1958 पासून आहे, कापूस संशोधन संस्था आहे, लिंबूवर्गीय फळांची संस्था आहे. माझं उत्तर असं, की प्रयोगशाळा एकटी पुरत नाही. तिथून निघालेलं तंत्र उचलणारा उद्योग, चाचणीची सोय, नवख्याला जागा आणि पहिला ग्राहक, हे सगळं जवळ लागतं. पुण्यात ते दशकांच्या अंतराने एकेक करून जमलं. एनसीएलच्या आवारातच 2007 मध्ये नवउद्योगांना आधार देणारं व्हेंचर सेंटर सुरू झालं, म्हणजे ही साखळी पुरी व्हायला अर्ध्या शतकाहून जास्त काळ लागला.

ती पुण्याबाहेरही जमू शकते, हे जालन्याने दाखवलंय. बद्रीनारायण बारवालेंनी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची पुसा सावनी ही भेंडी लावली, तिच्या बियाण्यातून धंदा सुरू केला आणि 1964 मध्ये महिको ही बियाणं कंपनी काढली. त्याच वर्षी सीएसएच-1 ही संकरित ज्वारी सरकारी संशोधनातून आली आणि तिचं बियाणं तयार करायला खासगी उत्पादकही पुढे आले. संशोधन सरकारी, उत्पादन खासगी, पहिले ग्राहक शेजारचे शेतकरी. आज जालना बियाण्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं आणि बारवालेंना 1998 मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

म्हणून विदर्भ-मराठवाड्यासाठी पुढचा सामंजस्य करार जाहीर होईल, तेव्हा गुंतवणुकीच्या आकड्याबरोबर तीन गोष्टी विचारा: जवळची कोणती संशोधन संस्था यात आहे, चाचणी कुठे होणार, आणि तिथल्या नव्या कंपनीचा पहिला माल सरकार स्वतः विकत घेणार का.