बॅटरीचा कट-ऑफ स्विच: ‘एक केबल कापा, दोन लग दाबा’ या सल्ल्याचा प्रतिवाद

गाडीच्या बॅटरीला बाहेरून चालवता येईल असा कट-ऑफ स्विच कसा जोडावा, याविषयी एक सल्ला हातोहात पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवरून निघणारी जाड केबल मध्येच कापावी, दोन्ही टोकांना लग (बोल्टात अडकणारी धातूची कडी) दाबून ती स्विचच्या दोन बोल्टांना आवळावीत आणि खटका गाडीच्या बाहेर काढावा. एवढे केले की अपघाताच्या वेळी कोणीही बाहेरून चालू इंजिन बंद करू शकतो, वायरिंगला आग लागण्याचा धोका संपतो, गाडी चोरीला जात नाही, उभ्या गाडीची बॅटरी उतरत नाही आणि गाडीच्या बाकीच्या यंत्रणेला काहीही होत नाही, असे त्यात सांगितलेले असते. यांपैकी बॅटरी उतरण्याविषयीचे विधान बरेचसे खरे आहे. बाकीची कमीअधिक फसवी आहेत, आणि ज्याच्या भरवशावर कोणाचा तरी जीव टांगलेला असू शकतो ते पहिले विधान तर साफ चुकीचे आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

१. ‘स्विच बंद केला की चालू इंजिन बंद पडते.’

बॅटरीचे मुख्य काम सेल्फ फिरवण्याचे. इंजिन एकदा चालू झाले की इग्निशन, पेट्रोलचा पंप, इंजेक्टर, दिवे या सगळ्यांना वीज अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरणारे जनित्र, पुरवतो आणि उरलेली बॅटरीत भरतो. अल्टरनेटरची जाड वायर बहुतेक गाड्यांत थेट बॅटरीच्या टर्मिनलवर येत नाही. ती सेल्फच्या मोठ्या बोल्टवर किंवा मुख्य फ्यूजच्या पेटीत येते, म्हणजे नव्या स्विचच्या ‘गाडीकडच्या’ बाजूला. अशा जोडणीत स्विच उघडला, म्हणजे बंद केला, तर बॅटरी तेवढी बाजूला पडते, पण अल्टरनेटर आणि इग्निशन एकमेकांना जोडलेलेच राहतात. इंजिनाला थांबायचे काही कारणच उरत नाही.

हे मी एका मित्राच्या गाडीवर डोळ्यांनी पाहिले आहे. स्विच नुकताच बसवला होता, हेडलाइट चालू होते आणि मल्टिमीटरची टोके मी फ्यूजच्या पेटीवर धरली होती. मित्राने लाल चावी फिरवली. इंजिनाचा आवाज जराही बदलला नाही. मीटरवरचा चौदाच्या आसपासचा आकडा मात्र उसळून वर गेला, डावा हेडलाइट क्षणभर निळसर पांढरा झाला आणि विझला. इंजिन शेवटी आतल्या चावीनेच बंद करावे लागले, आणि त्यानंतर अल्टरनेटर चार्जिंग देईना, कारण त्याचे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर जळाला होता.

ही उसळी कुठून येते, हे समजून घेतले पाहिजे. अल्टरनेटरच्या रोटरवरच्या गुंडाळीतील प्रवाह एका क्षणात शून्यावर येऊ शकत नाही. चार्जिंगचा मोठा प्रवाह ओढणारी बॅटरी अचानक तुटली की रेग्युलेटर सावरेपर्यंत तीच शक्ती व्होल्टेजच्या रूपाने उरलेल्या वायरिंगवर आदळते. आयएसओ १६७५०-२ या मानकात १२ व्होल्टच्या गाड्यांसाठी या धक्क्याची चाचणी दिलेली आहे: अल्टरनेटरमध्ये संरक्षक डायोड नसतील तर ७९ ते १०१ व्होल्ट, आणि तेही ४० ते ४०० मिलिसेकंद. संरक्षण असेल तर हा धक्का साधारण ३५ व्होल्टवर अडवला जातो. म्हणजे हा सल्ला जसाच्या तसा पाळणारा माणूस इंजिन तर बंद करू शकत नाहीच, उलट इंजिनाच्या कंट्रोल युनिटवर, म्हणजे त्याच्या संगणकावर, असा धक्का स्वतःच्या हाताने घालतो.

मोटर शर्यतींच्या नियमांमध्ये म्हणूनच नुसत्या ‘बॅटरी तोडणाऱ्या’ स्विचला मान्यता नाही. एफआयए या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमानुसार मुख्य स्विचने बॅटरी, अल्टरनेटर, दिवे, हॉर्न, इग्निशन असे सगळे सर्किट तोडले पाहिजेत आणि इंजिनही थांबले पाहिजे. शिवाय त्याची जागा पांढऱ्या काठाच्या निळ्या त्रिकोणातील लाल ठिणगीने दाखवावी लागते आणि त्या त्रिकोणाचा पाया किमान १२ सेंटिमीटर असावा लागतो. त्यासाठी सहा टर्मिनलचे स्विच मिळतात. दोन जाड बोल्ट बॅटरीच्या केबलसाठी असतात. लहान टर्मिनलांची एक जोडी इग्निशनच्या वायरमध्ये येते आणि मुख्य संपर्काबरोबर उघडते. दुसरी जोडी नेमकी उलट वागते: स्विच बंद केल्यावर ती जुळते आणि अल्टरनेटरची उरलेली वीज ३ ओहमच्या रेझिस्टरमधून बॉडीकडे वाहून नेते. १४ व्होल्टला हा रेझिस्टर जेमतेम ४.७ अँपिअर ओढतो, त्यामुळे मोठ्या अल्टरनेटरचा पूर्ण धक्का त्याने गिळला जाईल असे मानू नये. इंजिन थांबवण्याचे खरे काम इग्निशनची जोडीच करते.

दुसरा मार्ग अल्टरनेटरची मुख्य वायर स्विचच्या बॅटरीकडच्या बोल्टवर आणण्याचा आहे, आणि मला तोच अधिक सरळ वाटतो. मग स्विच उघडला तरी अल्टरनेटर आणि बॅटरी एकमेकांना जोडलेले राहतात, उसळी येत नाही, आणि गाडीकडची बाजू दोन्हींपासून एकदम तुटते. त्याची किंमत अशी की ती एक वायर स्विच बंद असतानाही जिवंत राहते. म्हणून तिच्यावर बॅटरीच्या जवळ योग्य क्षमतेचा फ्यूज हवाच. अल्टरनेटरला उत्तेजन देणारी, म्हणजे त्याची वीजनिर्मिती सुरू करून देणारी, बारीक वायर मात्र इग्निशनच्या बाजूलाच ठेवावी, म्हणजे स्विचबरोबर तीही मरते. काही जुन्या गाड्यांत याच वायरीतून, चार्जिंगच्या दिव्यामार्गे, वीज उलटी इग्निशनला पोहोचते आणि इंजिन धुगधुगत राहते. तिथे त्या वायरीत वीज एकाच दिशेने जाऊ देणारा एक डायोड टाकावा लागतो.

आणि एक अपवाद सल्ल्यात कधीच नसतो. पूर्णपणे यांत्रिक पंपाचे जुने डिझेल इंजिन, ज्याचे इंधन केबल ओढून बंद केले जाते, ते विजेवर चालतच नाही. त्यावर कोणताही विजेचा स्विच काही करणार नाही.

२. ‘आगीचा धोका संपतो.’

स्विच म्हणजे फ्यूज नव्हे. तो चालू असताना केबल बॉडीला घासून उघडी पडली, तर तो स्वतःहून काही तोडत नाही, आणि गाडीची सुदृढ बॅटरी शॉर्टमध्ये हजाराहून अधिक अँपिअर देऊ शकते. बंद केल्यावरही बॅटरीपासून स्विचपर्यंतचा तुकडा जिवंतच असतो, त्यामुळे तो जितका आखूड तितका बरा. बॅटरी डिकीत आणि स्विच डॅशबोर्डजवळ अशी मांडणी केली, तर गाडीच्या पूर्ण लांबीची केबल कायम जिवंत राहते, म्हणजे स्विच असून नसल्यासारखाच. ड्रॅग शर्यतींच्या अमेरिकी संघटनेने, एनएचआरएने, डिकीत हलवलेल्या बॅटरीचा स्विच गाडीच्या अगदी मागच्या भागात मागितला आहे, तो यासाठीच. खटका ढकलण्या-ओढण्याचा असेल तर ढकलल्यावरच वीज तुटली पाहिजे, असेही तिथे म्हटले आहे, कारण घाईतला माणूस आधी ढकलतो. चावीचे आणि प्लास्टिकचे स्विच तिथे चालतच नाहीत.

केबल पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट हवा आणि दर थोड्या अंतरावर क्लिप हवी. बॅटरी बंद पेटीत ठेवली असेल तर स्विच त्या पेटीत कधीही बसवू नये. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले की तो पेट घेऊ शकतो, आणि स्विच उघडताना ठिणगी पडते.

३. ‘गाडी चोरीला जात नाही.’

जो खटका मदतीला धावलेल्या अनोळखी माणसाला सापडावा म्हणून बाहेर, खुणेसह बसवला आहे, तो चोरालाही सापडतो. शिवाय बॅटरी तुटली की गाडीचा स्वतःचा अलार्म बहुधा मुका होतो. चोरी अडवायची असेल तर आत लपवलेला वेगळा स्विच हवा. एकाच खटक्याकडून दोन्ही कामांची अपेक्षा ठेवू नये.

४. ‘उभ्या गाडीची बॅटरी उतरत नाही.’

हे बरेचसे खरे आहे. कुलूप लावून उभी असलेली गाडीही घड्याळ, अलार्म आणि कंट्रोल युनिटसाठी थोडा प्रवाह ओढत राहते. तो ५० मिलिअँपिअर धरला तर दिवसाला १.२ अँपिअर-तास होतात आणि ४५ अँपिअर-तासांची बॅटरी साधारण एकोणीस दिवसांत निम्मी होते. स्विचने हे थांबते. पण बॅटरी आतल्या आत स्वतःहूनही उतरते, आणि उष्ण हवेत अधिक वेगाने. त्यावर स्विचचा इलाज नाही. गाडी चार-पाच दिवसांतच बॅटरी उतरवत असेल तर कुठेतरी दोष आहे, आणि तो एकेक फ्यूज काढून, मीटर लावून शोधला पाहिजे.

एवढ्याच कामासाठी स्विच हवा असेल तर तो निगेटिव्ह टर्मिनलवर बसवणे अधिक सुरक्षित, कारण पाना बॉडीला लागला तरी शॉर्ट होत नाही. मात्र निगेटिव्ह टर्मिनलवर आधीपासून जोडलेल्या सगळ्या बारीक अर्थ वायरी स्विचच्या पलीकडे न्याव्या लागतात. एखाद्या अँप्लिफायरची बारीक वायर टर्मिनलवर तशीच राहिली आणि स्विच बंद असताना कोणी सेल्फ मारला, तर सेल्फचा सगळा प्रवाह तिच्यातून परतायला बघतो आणि तिचे प्लास्टिक काही क्षणांत वितळू लागते.

घड्याळ चालू राहावे म्हणून स्विचला समांतर बारीक फ्यूज जोडावा, असाही एक सल्ला याच्या जोडीने येतो. घरी उभ्या गाडीला तो ठीक आहे. आणीबाणीच्या स्विचवर तो नको, कारण मग स्विच बंद असूनही गाडी जिवंत राहते.

५. ‘गाडीच्या बाकीच्या यंत्रणेला काहीही होत नाही.’

सेल्फ फिरताना दोनशे अँपिअर जात असतील आणि स्विचच्या संपर्कात २ मिलिओहम अवरोध असेल, तर ०.४ व्होल्ट तिथेच पडतात आणि ८० वॅट उष्णता त्या लहानशा डबीत निर्माण होते. स्वस्त स्विचवर छापलेला मोठा आकडा बहुधा काही सेकंदांपुरता असतो, सततचा आकडा त्याहून बराच कमी असतो. सेल्फ मारताना मीटरची टोके स्विचच्या दोन बोल्टांवर धरावीत, ०.२ व्होल्टहून अधिक दिसले तर स्विच किंवा लग यांपैकी काहीतरी खराब आहे. लग हातोडीने चेपलेली असेल तर आधी तिच्यावर संशय घ्यावा.

नव्या गाड्यांत वीज तुटली की काचांची स्वयंचलित सेटिंग, रेडिओचा कोड आणि इंजिनाने शिकलेली समायोजने पुसली जाऊ शकतात. इंजिन बंद केल्यावरही कंट्रोल युनिट काही मिनिटे जागी असतात, म्हणून लगेच स्विच बंद करू नये. विजेचा हँडब्रेक असेल तर वीज तोडल्यावर तो सुटत नाही. हायब्रिड गाडीत तर हा उपद्व्याप नकोच. तिथे १२ व्होल्टची बाजू उच्च व्होल्टेजच्या बॅटरीतूनही पोसली जाते आणि तिची तोडणी निर्मात्याने सांगितलेल्या जागीच करायची असते.

ज्यांनी असा स्विच आधीच बसवला आहे त्यांनी चालू इंजिनावर तो फिरवून बघण्याआधी बॉनेट उघडून अल्टरनेटरची जाड वायर बोटाने माग काढत शेवटपर्यंत पाहावी. ती गाडीकडच्या बाजूला संपत असेल आणि स्विचला दोनच बोल्ट असतील, तर ती परीक्षा घेऊ नये आणि वायरिंग बदलेपर्यंत गाडीवर ठिणगीचे चिन्हही लावू नये.