टार्डबिगची 30 लॉक

इंग्लंडच्या कालव्यांतून नॅरोबोटने (लांब, अरुंद नावेने) फिरायला जाण्याचा बेत आखणारे ओळखीचे लोक मला हमखास विचारतात की सर्वांत कमी लॉक (दोन्ही टोकांना दारे असलेले, पाणी भरून किंवा सोडून नाव वर-खाली करणारे हौद) कोणत्या मार्गावर लागतात. माझे मत याच्या अगदी उलट आहे. जाणारच असाल, तर भरपूर लॉक असलेला मार्ग घ्या, आणि जमल्यास वुस्टर-बर्मिंगहॅम कालव्यावरचे टार्डबिग निवडा.

1815 मध्ये पूर्ण झालेल्या या कालव्यावर टार्डबिगपाशी सुमारे सव्वादोन मैलांत ओळीने 30 लॉक आहेत आणि ती नावेला साधारण 220 फूट वर चढवतात. ब्रिटनमधली लॉकची ही सर्वांत मोठी रांग आहे. लॉक जेमतेम सात फूट रुंद आणि नॅरोबोट त्याहून दोन-तीन इंचांनीच अरुंद, त्यामुळे आत शिरताना दोन्ही बाजूंच्या ओल्या, शेवाळलेल्या भिंती हात लावता येईल इतक्या जवळ येतात. नाव आत आली की मागची दारे लावायची, वर जाऊन लोखंडी विंडलास (झडप उचलण्याचा हातात धरायचा दांडा) झडपेच्या दांड्यावर बसवायचा आणि झडप उचलली जाईपर्यंत फिरवत राहायचे. पाणी उसळत आत येते आणि नाव हळूहळू वर सरकते. आतली आणि बाहेरची पातळी एक होईपर्यंत कितीही जोर लावला, तरी दार तसूभर हलत नाही. ती एक झाली, की दाराची लांब तुळई पाठीने रेटून तेच अवजड दार एकटा माणूस उघडू शकतो. कालव्यांवर वेगाची मर्यादा ताशी चार मैलांची आहे खरी, पण या प्रवासाला संथ करते ते पाणी.

शिवाय ते पाणी मोजकेच असते. अशा एका लॉकमधून दर खेपेला सुमारे एक लाख लिटर पाणी खाली जाते, आणि ते माथ्यावर पुन्हा पोचवावे लागते. टार्डबिगचा जलाशय कालव्याच्या माथ्यापेक्षा खालच्या पातळीवर असल्याने त्यातले पाणी वर चढवण्यासाठी वाफेचे इंजिन बसवले होते. त्याचे इंजिनघर अजून उभे आहे. समोरून नाव येत असेल, तर तिला अनुकूल असलेले लॉक आपल्यासाठी फिरवून घ्यायचे नाही, तिला आधी येऊ द्यायचे, अशी इथली रीत आहे. पाटाच्या पाण्याची पाळी सांभाळणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ती समजावून सांगावी लागणार नाही.

रेल्वे आणि नंतर ट्रक आल्यावर हे जाळे मोडकळीला आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लेखक टॉम रोल्ट आपली ‘क्रेसी’ ही नाव टार्डबिगला बांधून तिच्यावरच राहत होते. 1945 मध्ये लेखक रॉबर्ट एकमन त्यांना तिथे भेटले आणि पुढच्याच वर्षी कालवे वाचवण्यासाठी इनलँड वॉटरवेज असोसिएशन स्थापन झाली. त्यानंतर कितीतरी कालव्यांतला गाळ स्वयंसेवकांनी सुट्टीच्या दिवशी चिखलात उतरून उपसला. केनेट-एव्हन कालवा 1990 मध्ये पुन्हा सलग खुला झाला, तो अशाच कित्येक वर्षांच्या कष्टांमुळे. म्हणूनच सरकारने 2027 पासूनच्या दहा वर्षांसाठी कालव्यांची देखभाल करणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टला एकूण 40 कोटी पौंड देण्याचे ठरवले, हे मला पटलेले नाही, कारण महागाई धरली तर ही मोठी कपात आहे. ट्रस्टकडे सुमारे 2000 मैलांचे जलमार्ग आहेत, त्यांच्या काठच्या पायवाटा सर्वांना मोफत आहेत, आणि दोनशे वर्षांपूर्वीचे बांध गळू लागले तर नुकसान केवळ नाववाल्यांचे होत नाही. 2025 च्या दुष्काळात तर अनेक कालव्यांवरची लॉक बंद ठेवावी लागली होती.

सहलीसाठी भाड्याने घेतलेली नाव चालवायला परवाना लागत नाही. नाव देणारेच सुरुवातीला शिकवतात. टार्डबिगसाठी अख्खा दिवस राखून ठेवा आणि विंडलास आळीपाळीने सर्वांच्या हाती द्या. वरचे शेवटचे लॉक जवळपास 11 फूट खोल आहे. उतरताना लॉकच्या काठावरची पांढरी खूण बघून नावेचा मागचा भाग तिच्या पुढेच ठेवा, कारण वरच्या दाराखाली दगडी उंबरा असतो आणि पाणी ओसरताना नाव त्यावर अडकली, तर ती पुढच्या बाजूने बुडू शकते.