‘इथे मत जातीलाच पडतं’ : मराठवाड्यात फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

निवडणूक लागली की मराठवाड्यातल्या गावोगावच्या ग्रुपवर एकच मजकूर थोड्याफार फरकाने फिरायला लागतो. मतदारसंघात आपल्या जातीची एवढी लाख मतं, समोरच्यांची एवढी. इथे मत जातीलाच पडतं, म्हणून आपल्याच माणसाला द्या. जातीवर मत मागणं हा काही गुन्हा नाही. झालाच तर उमेदवाराचं बघतील, मेसेज पुढे पाठवणाऱ्याला कोण विचारतो? आणि शेवटी, तक्रार करून काही होत नाही. यातलं एकही वाक्य तपासणीत टिकत नाही.

‘आपल्या जातीची एवढी लाख मतं’

हा आकडा आला कुठून, हे आधी विचारा. मतदार यादीत नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग आणि ओळखपत्राचा क्रमांक असतो. जात नसते. जनगणनेत अनुसूचित जाती-जमाती मोजल्या जातात, पण सगळ्या जातींचे आकडे शेवटचे छापले गेले १९३१ साली. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. जालना जिल्हा १९८१चा, लातूर १९८२चा, हिंगोली १९९९चा आणि आजचे मतदारसंघ २००८च्या पुनर्रचनेतले. २०११च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत जात विचारली गेली, पण ते आकडे सरकारने जाहीर केले नाहीत.

मग मेसेजमधले आकडे तयार होतात आडनावांवरून. यादी समोर घ्यायची, आडनाव बघून खूण करायची आणि बेरीज मारायची. आपल्याकडे हा हिशेब हमखास फसतो. पवार, चव्हाण, जाधव मराठ्यांत आहेत तसे बंजाऱ्यांतही आहेत. जाधव, गायकवाड बौद्ध समाजातही भरपूर. देशमुख मराठा असतो, ब्राह्मण असतो, मुसलमानही असतो. पाटील म्हटलं तर लिंगायतही निघतो. एका केंद्राच्या यादीत साधारण हजार-बाराशे नावं असतात. त्यातली शंभर जरी चुकीच्या रकान्यात पडली, तरी तीनशे केंद्रांच्या विधानसभा मतदारसंघात तीस हजारांचा घोळ होतो. शिवाय सासरी गेलेल्या मुली, पुण्या-मुंबईला स्थायिक झालेली पोरं आणि ऊसतोडीला गेलेली कुटुंबं यादीत असतातच.

निकालानंतर ‘अमक्या गावाने अमक्या जातीला मत दिलं’ असे तक्ते येतात, तेही असेच. फॉर्म २०, म्हणजे निकालाच्या अधिकृत तक्त्यात, केंद्रनिहाय कोणाला किती मतं पडली एवढंच कळतं. मत कोणी दिलं हे त्यात नसतं. या तक्त्यांवरून गावातल्या एखाद्या वस्तीला धारेवर धरणं हा निव्वळ अन्याय आहे.

‘इथे मत जातीलाच पडतं’

२०२४च्या लोकसभेचं उदाहरण सगळ्यात जास्त दिलं जातं ते बीडचं. मराठा समाजातल्या बजरंग सोनवणे यांना ६,८३,९५० मतं मिळाली, वंजारी समाजातल्या पंकजा मुंडे यांना ६,७७,३९७. फरक ६,५५३चा. दोघांचीही मतं पावणेसात लाखांच्या वर. गेवराईपासून परळीपर्यंतच्या सहा विधानसभा मतदारसंघांत एकाच जातीच्या जोरावर एवढी मतं कोणालाही पडत नाहीत. दोघांनाही अनेक समाजांनी मत दिलं. त्यात पिपाणी चिन्हावरच्या अपक्षाला पन्नास हजारांहून जास्त मतं गेली. सोनवणे यांचं तुतारी चिन्ह आणि पिपाणी यांच्यातला गोंधळही त्या निकालाचा भाग होता.

१ सप्टेंबर २०२३ला जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला, त्यानंतर आरक्षणाचा प्रश्न पेटला आणि त्याचा मतदानावर परिणाम झाला, हे खरं आहे. पण परिणाम होणं वेगळं आणि ‘फक्त जात’ म्हणणं वेगळं. याच बीडने १९७७ला मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे यांना दिल्लीला पाठवलं. तेली समाजातल्या केशरकाकू क्षीरसागर १९८०, १९८४ आणि १९९१ला तिथूनच निवडून आल्या. हा समाज तिथे संख्येने मोठा नाही.

‘जातीवर मत मागणं गुन्हा नाही’

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ वाचा. कलम १२३(३) प्रमाणे धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषेच्या नावावर ‘याला मत द्या’ किंवा ‘याला देऊ नका’ असं आवाहन हा भ्रष्ट आचार ठरतो आणि त्यावरून निवड रद्द होते. फक्त उमेदवाराचीच जात धरायची का, हा वाद होता. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी २ जानेवारी २०१७ला, चार विरुद्ध तीन मतांनी, तो मिटवला: मतदाराच्या जातीचा हवाला दिला तरी कलम लागतं. उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं पसरवणं कलम १२३(४)मध्ये येतं. कामावर, धोरणावर कितीही जहरी टीका करा, ती यात येत नाही.

‘पुढे पाठवणाऱ्याला कोण विचारतो’

निवड रद्द व्हायला ते कृत्य उमेदवाराचं, त्याच्या प्रतिनिधीचं किंवा त्यांच्या संमतीने झालेलं असावं लागतं, हे खरं. पण याच कायद्याचं कलम १२५ कोणालाही लागतं: निवडणुकीच्या संदर्भात जाती-धर्मांत वैर पसरवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. समाजासमाजांत वैर पसरवण्याबद्दलचं भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ वेगळं, आणि ते अजामीनपात्र आहे. ‘त्यांच्या दुकानातून माल घेऊ नका’ असं लिहिणाऱ्यांनी हे कलम जरूर वाचावं. विलेपार्ल्याच्या १९८७च्या पोटनिवडणुकीतल्या बाळासाहेब ठाकरे यांच्या भाषणांवरून रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली, तेव्हा ठाकरे स्वतः उमेदवार नव्हते. तरी त्यांचा मताधिकार सहा वर्षं गेला. उलट, दुसऱ्याच्या पोस्टसाठी ग्रुप अॅडमिन आपोआप दोषी ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये तसं स्पष्ट केलं आहे.

कागदी पत्रकांचं कलम १२७-क. मतदानाच्या आदल्या रात्री दारात पडणारं पत्रक उलटसुलट करून बघा. मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं-पत्ते नसतील तर ते छापणंच गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद. प्रकाशकाने ओळखीच्या दोघांच्या साक्षीने दोन प्रतींत लेखी जाहीरनामा द्यायचा असतो आणि छापखान्याने पत्रकाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायची असते.

‘तक्रार करून काही होत नाही’

तक्रारी फसतात त्या बहुतेक पुराव्यावर. निवडणूक आयोगाचं सी-व्हिजिल अॅप शंभर मिनिटांत कारवाईसाठी आहे, पण ते जागेवर टिपलेला फोटो, व्हिडिओ असंच घेतं. गॅलरीतला स्क्रीनशॉट चालत नाही. म्हणून सभा, फलक, पत्रक यासाठी अॅप वापरा. व्हॉट्सअॅपच्या मजकुरासाठी निवडणूक निर्णय अधिकारी आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ, ग्रुपचं नाव लिहा. चॅट पुसू नका, फोन बदलू नका.

फोन का जपायचा, ते जालन्याच्याच खटल्याने ठरवलं. २०१४ला अर्जुन खोतकर तिथे २९६ मतांनी निवडून आले. अर्ज वेळेनंतर भरला या मुद्द्यावर औरंगाबाद खंडपीठाने २०१७मध्ये ती निवड रद्द केली. वाद जातीचा नव्हता, पण अर्ज भरतानाचं व्हिडिओ चित्रण पुरावा म्हणून चालेल का, हा प्रश्न त्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२०ला सांगितलं: मूळ उपकरण त्याच्या मालकाने स्वतः न्यायालयात आणलं तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागत नाही, सीडी, पेनड्राइव्ह किंवा प्रिंट दिली तर लागतंच. १ जुलै २०२४पासून ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे दोन भागांत द्यावं लागतं, एक भाग तुमचा आणि एक तज्ज्ञाचा, फाइलच्या हॅश क्रमांकासह (फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे पडताळण्याचा क्रमांक).

लोकसभा-विधानसभेची निवडणूक याचिका, म्हणजे निवड रद्द करण्याची मागणी, मतदारसंघातला कोणीही मतदार करू शकतो. मुदत निकालापासून ४५ दिवस, अनामत २,००० रुपये. भ्रष्ट आचाराचा आरोप असेल तर नमुना २५चं शपथपत्र जोडायचं. त्यात कोण बोललं, कुठे, कोणत्या तारखेला, हे नसेल तर आरोप तिथेच गळतो. उशीर माफ होत नाही. ग्रामपंचायतीसाठी दिवाणी न्यायाधीशाकडे जायचं, तेही १५ दिवसांत.